द्राक्षं येईपर्यंत अननस



बडोद्यातले जुने वाडे, गायकवाडी चाकरी, घरातल्या पंगती, या आठवणी इथे बऱ्याच जणांनी लिहिल्या. आज जरा लांबची गोष्ट सांगतो. दारूबंदीच्या गुजरातेत जन्म गेलेल्या माणसाने वाइनवर लिहावं याचं तुम्हाला हसू येईल. पण माझा रस बाटलीपेक्षा हिशोबात आहे. आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचले, ती सवय काही जात नाही.

अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो तेव्हा तिने आणि जावयांनी आम्हा दोघांना हवाई बेटांवर नेलं. ही सगळी बेटं ज्वालामुखीची. त्यातल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा दहा हजार फुटांचा पर्वत आहे. त्याच्या उतारावर उलुपालाकुआ गावी एक वाइनरी आहे, ती पाहायला गेलो.

त्या जागेचा इतिहास मोठा. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरचा कप्तान जेम्स मकी याने 1856 मध्ये ही जमीन घेतली आणि तिथे ऊस वाढवला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत साखरेचे भाव चढले, त्यात हवाईच्या मळेवाल्यांचं चांगलंच फावलं. हवाईचा राजा कालाकाउआ त्याच्याकडे पाहुणा यायचा. त्याच्यासाठी 1874 मध्ये बांधलेल्या बंगलीतच आज आलेल्यांना वाइन चाखायला देतात. आंब्याच्या एकाच झाडापासून केलेलं अठरा फुटी लांब टेबल तिथे आहे. हाच राजा 1881 च्या जगप्रवासात आपल्या मुंबईलाही येऊन गेला. मळ्यांना मजूर कुठून मिळतील, हेही त्याला त्या प्रवासात पाहायचं होतं. आपली कोकणातली माणसं त्याआधीच मॉरिशसच्या उसात राबायला गेली होती. तेही ज्वालामुखीचंच बेट.

पुढे उलुपालाकुआचा ऊस संपला, गुरं आली. 1963 मध्ये ही जमीन पार्डी अर्डमन यांनी घेतली. 1974 मध्ये कॅलिफोर्नियाचे एमिल टेडेस्की त्यांच्याबरोबर भागीदारीत आले आणि द्राक्षाच्या वेली लावल्या. पण वेलीला पहिलं नीट पीक यायला तीन वर्षं तरी लागतात. शिवाय त्या हवेत कोणती जात तगेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शंभराहून अधिक जाती लावून पाहिल्या म्हणे!

आमच्या भाषेत हा जेस्टेशन पीरियड. खर्च रोजचा, उत्पन्न शून्य. फळबागेच्या कर्जाचा हप्ता आम्ही पुढे ढकलून द्यायचो, पण घरखर्च कसा पुढे ढकलणार? म्हणून आंब्याची नवी बाग लावणारा आपला शेतकरी मधल्या जागेत भाजीपाला, कडधान्य घेतो. त्या दोघांनीही तेच केलं. त्यांचं आंतरपीक होतं अननस, आणि तो त्यांना लावावाही लागला नाही. माउईवर तेव्हा अननसाचे मोठमोठे मळे होतेच.

हिशोब बघा. द्राक्षाचा हंगाम वर्षातून एकदा. अननसाची लागवड पुढेमागे केली तर फळ वर्षभर मिळतं, म्हणजे रस केव्हाही आंबवायला घालता येतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं, तत्त्व तेच. ही वाइन वर्षानुवर्षं मुरवत ठेवावी लागत नाही. माल लवकर बाहेर, पैसा लवकर आत. 1977 मध्ये 'माउई ब्लांक' नावाची अननसाची वाइन निघाली. द्राक्षं येईपर्यंत टाक्या रिकाम्या राहू नयेत आणि हात सरावावा, एवढाच हेतू. 1980 च्या दशकात द्राक्षांची वाइनही आली, पण तोवर अननसाचं नाव झालं होतं. आजही लोक तीच मागतात. मी घोटभर घेतली. आंबटगोड, हलकी.

तिथून विमानाने मोठ्या बेटावर गेलो. किलाउआ ज्वालामुखीजवळ, चार हजार फुटांवर, दुसरी वाइनरी आहे. द्राक्षात पेरू मिसळून केलेली आणि मॅकाडेमियाच्या फुलांच्या मधापासून केलेली वाइन तिथे मिळते. युक्ती तीच, नुसत्या द्राक्षावर अवलंबून राहायचं नाही.

आता गंमत ऐका. 1974 मध्ये मी तिथल्या बँकेत असतो, तर साखर आणि अननसाच्या कंपन्यांना डोळे झाकून कर्ज दिलं असतं आणि या दोघांना दहा प्रश्न विचारले असते. पण माउईवरचा अननस डबाबंद करण्याचा शेवटचा कारखाना 2007 मध्ये बंद झाला. मोठ्या कंपनीने 2009 अखेर लागवडच थांबवली. मग तिथल्याच काही जुन्या लोकांनी लहान प्रमाणावर अननस चालू ठेवला. डिसेंबर 2016 मध्ये शेवटचा साखर कारखानाही गेला. स्वस्त परदेशी मालापुढे नुसतं पीक विकून भागेना. जागेवरच फळाची वाइन करून विकणारे मात्र टिकले.

मंडळी, आपले पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्यात आले ते मुलूखगिरीसाठी. पुढे कोणी चाकरीला आलं, कोणी शिकायला. चार पैसे गाठीला बांधून गावी परतायचं, हाच बहुतेकांचा बेत. त्या मधल्या काळात पोटासाठी जे हाताशी आलं ते केलं: कारकुनी, मास्तरकी, पौरोहित्य, खानावळ. गावची वतनं, जमिनी पुढे कायद्यात आणि वाटण्यांत गेल्या. आपली घरं उभी राहिली ती या सोय म्हणून धरलेल्या कामांवर. तुमच्या घरात असं 'तोवर करू' म्हणून सुरू झालेलं काम कोणतं होतं? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा.