किल्ला आणि किल्ली

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वाडीतली मुले शाळेच्या अंगणात किल्ला करू लागतात. मुरबाड तालुक्यातली आमची वाडी सह्याद्रीच्या अगदी पायाशी. डोके वर केले की खरे डोंगर दिसतात. पण मुलांना हवा असतो तो स्वतःच्या हातचा. दगड रचायचे, त्यांवर गोणपाट टाकायचे, ओढ्याकाठची माती लिंपायची आणि हिरवळीसाठी अळीव पेरायचे. माथ्यावर महाराज, पायथ्याशी विहीर, बैलगाडी आणि चार शेतकरी.

काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाने पायथ्याला बाजार मांडायचे ठरवले. जागा कमी पडली म्हणून त्याने सुरीने डोंगराची कड कापली. मग अळिवावर तांब्याभर पाणी घातले. पाहता पाहता ती बाजू घसरली आणि बाजार, बैलगाडी, शेतकरी सारे चिखलाखाली गेले. मुले टाळ्या पिटून हसली. मला हसू आले नाही.

आमच्या तालुक्यातल्या सिद्धगडाच्या मागे, सह्याद्रीच्या धारेपलीकडे आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराची एक बाजू त्या गावावर आली. १५१ माणसे गेली. जगाला ही बातमी कोणी सांगितली? तारेने नव्हे, फोनने नव्हे. नेहमीची एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ती बाहेर पडली. पुढे वाद झाले. कोणी पावसाला दोष दिला, कोणी उतार सपाट करण्यासाठी झालेल्या खोदाईला. किल्ल्याची कड कापणाऱ्या त्या पोराला विचारले असते तर त्याने सांगितले असते, दोन्हीही!

मी काही भूगर्भशास्त्र शिकलेला नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण आमच्याकडचा डोंगर कसा आहे हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. आत काळा कातळ, वर मुरूम आणि माती. पाऊस दिवसेंदिवस लागून राहिला की पाणी मातीतून उतरते आणि कातळाशी अडते. माती जड होते, तिची खालची पकड सुटते. पण डोंगर बहुधा न सांगता येत नाही. उतारावर कोयत्याच्या आकाराची भेग पडते. उभी झाडे एका अंगाला कलतात. कालपर्यंतचा निवळ झरा गढूळ होतो, नाहीतर एकाएकी आटतो. घराचे दार चौकटीत अडकू लागते. म्हातारी माणसे हे पाहतात, मुलेही पाहतात. पाहिलेले सांगावे कोणाला आणि सांगून जावे कुठे, येथे सारे अडते.

मिळालेल्या थोड्याशा वेळाची किंमत काय असते, हे पुणेकरांना विचारावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री ते खचू लागले तेव्हा लष्कराचे जवान पावसात उभे राहून वाळूची पोती रचत होते. धरण वाचले नाही. पण ते मध्यरात्री न फुटता सकाळी फुटले. पुणे जागे असताना पाणी आले. त्या पोत्यांनी किती प्राण वाचवले याचा हिशेब कोण मांडणार? आणि हाती आलेले ते तास शहराला वेळेवर सावध करण्यात पुरते खर्ची पडले नाहीत, ही खंत त्या पिढीने जन्मभर बाळगली.

पुढे १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा महाराष्ट्राने आपत्तीचे आराखडे करायला घेतले. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणे आली. हे चांगलेच झाले. पण पाऊस जिल्ह्याच्या सीमा पाहून पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरही नाही! मग आमच्या वाडीवर किती पडतो आहे, हे वाडीनेच मोजलेले बरे. उभ्या काठाचा एक डबा आणि मुलांची फूटपट्टी एवढ्यावर भागते.

त्याच २६ जुलैची माझी एक गोष्ट आहे. ती सांगायला मला आजही जड जाते. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. पाऊस पाहून मी शाळा लवकर सोडली, वर्गाला कुलूप घातले आणि ओढा चढायच्या आत तालुक्याच्या गावी खोलीवर आलो. किल्ली खिशात. रात्री उतारालगतच्या एका घराची भिंत पडली. शेजारची घरेही रिकामी करून बायकामुले शाळेकडे धावली आणि उजाडेपर्यंत पडवीत भिजत उभी राहिली. आत कोरडी जमीन होती, सतरंज्या होत्या. पण सरकारी कुलूप तोडायचे कसे, म्हणून कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी वाट झाली तेव्हा मी वर गेलो. एक म्हातारी एवढेच म्हणाली, “गुरुजी, कुलूप कोरडं ऱ्हायलं, पोरं भिजली.”

कोणी दगावले नाही, हे आमचे नशीब. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही पाण्याखाली गेला. अशा वेळी बाहेरची मदत येईल तेव्हा येईल. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी हे आठवून पाहावे. ४८ घरांची ठाकरवाडी, दरडींच्या धोक्याच्या यादीत तिचे नावही नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि सापडलेले व न सापडलेले मिळून ८४ जीव गेले. मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात डोंगर पायी चढावा लागला. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने त्या चढणीवरच प्राण सोडला. पण खाली पहिली खबर दिली ती वाडीतल्याच काही तरुण पोरांनी. ती पोरे त्या रात्री घरी नव्हती. शाळेत होती.

हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मी बराच वेळ माझ्या खिशातली किल्ली चाचपत होतो.

२००५ च्या श्रावणातच मी दुसरी किल्ली करून घेतली होती. वरिष्ठांना विचारले नाही; विचारले असते तर अर्ज लिहावा लागला असता. ती त्या म्हातारीच्या घरी खुंटीला असते. म्हातारी आता नाही, सुनेने जागा बदललेली नाही. आषाढात पावसाचा डबा चार बोटे भरला की मुले उताराकडे बघून येतात आणि रात्री झोपायला चार-पाच घरे शाळेत येतात. सकाळी वर्ग भरायच्या आधी सतरंज्या गुंडाळाव्या लागतात, एवढाच त्रास. यंदा त्या किल्लीला गंज चढला होता. मी खोबरेल लावून पुसून ठेवली आहे.