खंडू रांगणेकर : तीन कसोटींपलीकडची कारकीर्द

ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या आवारातील बॅडमिंटन सभागृहाला खंडू रांगणेकर यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे खेळणाऱ्या अनेकांना हे नाव बॅडमिंटनपटूचे वाटते. त्या खेळातही ते निष्णात होते. मात्र देशाचे प्रतिनिधित्व त्यांनी केले ते क्रिकेटमध्ये.

खंडेराव मोरेश्वर रांगणेकर यांचा जन्म २७ जून १९१७ रोजी मुंबईत झाला. शैलीदार डावखुरा फलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक म्हणून त्यांनी लौकिक मिळविला. मात्र ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाच्या काळात गेली. १९३६ नंतर भारताला पुढचा कसोटी सामना खेळायला मिळाला तो थेट १९४६ मध्ये. त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडलेल्या संघात रांगणेकर नव्हते.

अखेर १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना संधी मिळाली. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच कसोटी दौरा. विजय मर्चंट, मुश्ताक अली आणि रुसी मोदी यांच्यासारखे बिनीचे फलंदाज जाऊ न शकल्याने लाला अमरनाथ यांचा संघ दुबळा झाला होता आणि समोर होता डॉन ब्रॅडमन यांचा बलाढ्य संघ. रांगणेकर यांनी ब्रिस्बेन येथे पदार्पण केले तेव्हा ते तीस वर्षांचे होते. पावसाने भिजलेल्या त्या खेळपट्टीवर भारताचे डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. जानेवारी १९४८ मधील अ‍ॅडलेडचा सामना त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. तीन कसोटींतील सहा डावांत ३३ धावा आणि सर्वोच्च १८, एवढीच त्यांची नोंद राहिली.

परंतु केवळ या आकड्यांवरून त्यांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ४१.८३ च्या सरासरीने ४,६०२ धावा केल्या. त्यांत १५ शतके असून सर्वोच्च धावसंख्या २१७ आहे. मुंबईखेरीज ते होळकर संघाकडूनही खेळले. सी. के. नायडू यांच्या प्रभावाखाली घडलेल्या या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. अशा संघात स्थान मिळविणे ही साधी गोष्ट नव्हती.

निवृत्तीनंतर ते क्रिकेट प्रशासनात वावरले. ११ ऑक्टोबर १९८४ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. दशकभर कसोटी सामनेच न झाल्याने त्या पिढीतील अनेकांची गुणवत्ता आंतरराष्ट्रीय आकडेवारीत उमटली नाही. रांगणेकर त्यांपैकीच एक. ठाणेकरांनी त्यांचे नाव जपले आहे. त्यामागचे कर्तृत्वही नव्या खेळाडूंना माहीत असायला हवे.