हरलेल्या खटल्याचा धबधबा

डिसेंबरात आइसलँडला जेमतेम चार-पाच तास उजेड. तेवढ्यात पर्यटक रेक्याविकहून निघून 'गोल्डन सर्कल' बघून येतात: थिंगवेलिरची दरी, गेसिरचे उकळते झरे आणि शेवटी गुलफॉस. दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली कोसळणारी नदी, आजूबाजूला सगळा बर्फ!

पण हा धबधबा उरला कसा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी गुंतवणूकदारांना इथे वीज बनवायची होती. धबधबा भाडेपट्ट्याने गेलासुद्धा. शेजारच्या शेतावरची सिग्रिदुर टोमासदोत्तिर मात्र अडून बसली. काम सुरू झालं तर धबधब्यात उडी घेईन म्हणाली, असं सांगतात. खटल्यासाठी शंभरेक किलोमीटर चालत ती रेक्याविक गाठायची. तिचे वकील स्वेन ब्योर्नसन पुढे, १९४४मध्ये, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि खटल्याचं काय? ती हरली! पण भाडं थकलं आणि १९२९मध्ये करार रद्द झाला. १९५७मध्ये ती गेली, १९७९मध्ये गुलफॉसला कायद्याचं संरक्षण मिळालं.

म्हणजे तिने धबधबा जिंकला नाही. पण तो विकायची गोष्ट नाही, हे ती बोलली. आज तिथे तिचं स्मारक आहे. गेलात तर सेल्फीआधी तिथे दोन मिनिटं थांबा.