एका युनिटाचं कूळ

विजेच्या बिलावर युनिटांचा आकडा छापलेला असतो, पण त्या युनिटांचं कूळ-गोत्र कोणी छापत नाही. सोयरीक जुळवताना मुलीच्या मामाचं गावसुद्धा विचारणारे आपण, रोज घरात शिरणाऱ्या या पाहुणीला ‘तू कोणाची गं?’ असं एकदाही विचारत नाही. परवा बिल हातात घेऊन बसलो तेव्हा मीच विचारायचं ठरवलं. आकडा कमी होण्यासारखा नव्हता, निदान ओळख तरी व्हावी!

मुंबईपुरतं बोलायचं तर या घराण्याचा मूळ पुरुष कोळसा. 1905 साली वाडीबंदरला कोळशावर वीज तयार होऊ लागली आणि 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. त्याआधी ट्रामला घोडे जुंपत. म्हणजे चंदी आणि गवत हेही एके काळी शहराला चालवणारं इंधनच होतं, आणि त्याची राख नव्हे पण लीद रस्त्यावर पडे. गिरण्यांची तऱ्हा निराळी. ज्याची त्याची चिमणी, ज्याचा त्याचा धूर, आणि कोळसा यायचा तो पार बंगालकडून.

जमशेटजी टाटांना मात्र उशाशी सह्याद्री दिसत होता. घाटमाथ्यावर दीडशे इंचांवर पाऊस पडतो आणि वाहून जातो, तो अडवून खाली सोडला तर? ते 1904 साली वारले, पण कल्पना टिकली. लोणावळा, वळवण, शिरवत्याची तळी झाली, नळ घाट उतरले आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोचली.

इथं मी पेन्सिल घेतली. हजार लिटर पाणी खोपोलीच्या त्या सतराशे फुटांवरून खाली आलं की सव्वा युनिट वीज मिळते. शंभराचा दिवा दहा तास जाळला की एक युनिट संपतं. म्हणजे माझे चिरंजीव न्हाणीघरातला दिवा रात्रभर तसाच ठेवतात, तेव्हा चार पिंपं पाणी अख्खा बोरघाट उतरतं! हेच युनिट कोळशाचं काढायचं तर साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, आणि आपल्याकडचा कोळसा असा की त्यातली पाव किलोच्या आसपास राखच. अणुइंधन मोहरीच्या दाण्याएवढं पुरतं, वर शिल्लक उरतं. चिरंजीवांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना माझ्याच खोलीतला दिवा घालवला.

पाण्याला धूर नाही, राख नाही, म्हणून ते सोवळं, असं मला शाळेपासून वाटत आलेलं. पण तळं मोकळ्या जागेत होत नाही. 1921 साली मुळशीला धरणाचं काम निघालं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते तिथंच. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरणही झालं, आणि 1927 साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. धरणामुळे घर सोडावं लागणाऱ्यांचा लढा आपल्याकडे इतका जुना आहे.

मग कोयना. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. 1962 पासून पोफळीच्या भुयारात जनित्रं फिरू लागली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तिथं जमीन हादरली, दीडशेहून अधिक माणसं गेली. 1969 साली तारापूर आलं. तिथं अडचण दाण्याच्या वजनाची नव्हती, दाणा देणाराची होती. 1974 च्या पोखरणनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला आणि 1982 साली फ्रान्सशी करार करून चूल पेटती ठेवावी लागली. दाभोळच्या प्रकल्पावर लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही. 1999 साली वीज सुरू झाली, 2001 साली दर परवडेना म्हणून वीज मंडळानं ती घेणं थांबवलं, एवढं पुरे. आणि इतकं सगळं होऊनही आज महाराष्ट्राची निम्म्याहून अधिक वीज कोळशाचीच आहे. मूळ पुरुष अजून खाटेवर नाही.

आमच्या कचेरीत कोयनेच्या खोऱ्यातले एक दादा शिपाई होते. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा ते लहान होते. वडिलांना उठून घाटाखाली जावं लागलं आणि तिथं घरात दिवा लागायला पुढं कितीतरी वर्षं गेली. निवृत्त झाले तरी अधूनमधून येतात. कोयनेच्या वरच्या अंगाला, वनकुसवड्याच्या पठारावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या बघून आले आणि म्हणाले, “एवढाले पंखे लावलेत साहेब, पण खाली वारा काय येत नाही.” म्हणताना मिशीत हसले.

मी त्यांना आमच्या सोसायटीच्या सौर तक्त्यांचं कौतुक सांगत होतो. एका किलोवॉटला दिवसाला चारेक युनिटं, धूर नाही, राख नाही. आषाढात जरा ढग येतात इतकंच, पण तेव्हा धरणं भरत असतात.

“ते तक्ते कुणाच्या जमिनीवर?” दादांनी विचारलं.

“जमिनीवर नाहीत हो, आमच्याच गच्चीवर.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. चहाचा घोट घेतला. “आणि गच्ची पुरली नाही की?”