मद्यपान, मर्दानगी आणि आक्रमकता (विद्यापीठीय खेळाडूंमधील)

सामन्यानंतर संघाने एकत्र बसून पिणे आणि त्यात ‘मर्द’ ठरण्याची चढाओढ यांतून उद्भवणारी मारामारी, तोडफोड, नवख्यांचा छळ. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे.

दारू पोटात गेली की माणूस आपोआप हिंसक होतो, ही समजूत अपुरी आहे. मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये अनेक समाजांतील दाखले देऊन मांडले की, प्यायल्यावर कसे वागायचे हेही माणूस समाजाकडूनच शिकतो. १९७५ च्या एका अमेरिकी प्रयोगात, आपण व्होडका प्यायलो असे वाटणारे पुरुष अधिक आक्रमक झाले. ग्लासात नुसते टॉनिक असले तरीही. म्हणून ‘चढली होती’ ही सबब मान्य करता येत नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर, बजाजनगर ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रातील कामगारवस्ती. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. याच परिसरात बिअरचेही कारखाने आहेत. पण खेळाडूच्या हाती पहिला ग्लास येतो तो बहुधा संघातल्या थोरल्यांकडून. कबड्डीची स्पर्धा मारली की बक्षिसाच्या पैशांतून ‘बसायचं’ ठरते. नको म्हणणाऱ्या पोराला ‘पोरगी आहेस का?’ म्हणून डिवचतात. तो एका दमात ग्लास रिकामा करतो, आणि मैदानावरची खुन्नस रात्री रस्त्यावर निघते.

महाराष्ट्राच्या तालमीत मर्दानगीची याच्या अगदी उलट रीत आहे : हनुमानाची तसबीर, पहाटेची मेहनत, खुराक आणि निर्व्यसनीपणा. पिणारा पैलवान तिथे कमअस्सल ठरतो. हा वारसा मोलाचा आहे, मात्र तो राग आवरायला शिकवतोच असे नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाला लाथ मारली गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तिथे वाद निर्णयाचा होता, दारूचा नव्हता.

शरीराचे नुकसान सरळ आहे. २०१४ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, कसून केलेल्या व्यायामानंतर भरपूर दारू घेतल्यावर स्नायूंतील प्रथिननिर्मिती प्रथिनांचा आहार घेऊनही २४ टक्क्यांनी घटली.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक दारूसाठी २५ वर्षांची. आंतरविद्यापीठ स्पर्धेतला खेळाडू साधारण १७ ते २५ वयाचा. म्हणजे कडक दारू कायद्याने जवळपास कुणालाच चालत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मात्र २०१८ पासून मद्य निषिद्ध यादीतून वगळले आहे. त्यामुळे उत्तेजक चाचणीचा धाक इथे उपयोगी नाही. दौऱ्याच्या मुक्कामी बाटली अडवायची ती प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापकांनीच.