ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात, माल्टा ज्वर)

ब्रुसेलोसिस : गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या व डुकरे यांना होणारा आणि त्यांच्यापासून माणसाला जडणारा जीवाणुजन्य रोग. गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, तर शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जीवाणू आढळतो. माणसाला दुसरा अधिक तीव्रतेने बाधतो. गाभण जनावर गर्भकाळाच्या उत्तरार्धात गाभडणे आणि वार अडकणे ही या रोगाची गोठ्यातील खूण. माणसात चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे दुखणे, थकवा आणि पुरुषांत वृषणांची सूज ही लक्षणे दिसतात. जनावराचे गाभडणे पशुवैद्याकडे आणि मालकाचा ताप डॉक्टरकडे जातो. पण रोग एकच असल्याने त्याचा शोध व प्रतिबंध गोठ्यातूनच सुरू व्हायला हवा.

हे इतिहासातूनही दिसते. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून या रोगाचा जीवाणू वेगळा केला. तो येतो कुठून, हे मात्र पुढे बरीच वर्षे कळले नाही. डॅनिश पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांना 1897 मध्ये गाभडलेल्या गाईंत असाच जीवाणू सापडला. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी माल्टातील धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत हा संसर्ग दाखवला. पुढच्या वर्षी सैन्याने शेळीचे दूध बंद केले आणि सैनिकांतील रुग्णसंख्या झपाट्याने घटली. जनावर निरोगी दिसते म्हणून ते निर्धोक मानता येत नाही, हा त्यातला मुख्य बोध होय. एकदा गाभडलेली गाय पुढे नीट विते, म्हणून पशुपालक निश्चिंत होतो. परंतु अशी गाय दुधातून आणि पुढील वेतांच्या वेळी जंतू बाहेर टाकत राहू शकते.

आपल्याकडे दूध उकळूनच पितात, मग भीती कसली, असा आक्षेप घेतला जातो. उकळल्याने दूध पिणारा वाचतो, ही गोष्ट खरी. मात्र अडलेली गाय सोडवणाऱ्याच्या, वार उचलणाऱ्याच्या वा गोठा झाडणाऱ्याच्या हातावरील ओरखड्यातून, डोळ्यांतून व श्वासातून जंतू शरीरात शिरतात; उकळलेले दूध या माणसांना वाचवत नाही. म्हणून हातमोजे व मुखपट्टी वापरणे, वार व मृत गर्भ चुना टाकून खोल पुरणे आणि जागा निर्जंतुक करणे आवश्यक ठरते. या रोगाचा ताप हिवताप वा विषमज्वर समजला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे घरचे जनावर गाभडले होते का, हा प्रश्न निदानाला दिशा देतो. उपचारात डॉक्सिसायक्लिनसह दुसरे प्रतिजैविक सहसा सहा आठवडे द्यावे लागते. ते अर्धवट सोडल्यास रोग उलटतो.

काही देशांनी बाधित जनावरांची तपासणी व कत्तल करून हा रोग आटोक्यात आणला, तेव्हा लसीकरण हा दुय्यम उपाय आहे, असा दुसरा आक्षेप. परंतु गोवंशहत्याबंदी असलेल्या महाराष्ट्रात तो मार्ग गाईंसाठी बंद आहे आणि दोन-तीन जनावरांवर चालणाऱ्या घराला तो परवडणाराही नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदा लस टोचली जाते. लस जिवंत जंतूंची असल्याने ती गाभण जनावराला देत नाहीत आणि टोचणाऱ्यालाही जपावे लागते. ती प्रत्येक जनावराला पूर्ण संरक्षण देत नाही, तरी गाभडणे आणि जंतूंचा प्रसार कमी करते. आज कालवडीला टोचलेली लस उद्या तिचे बाळंतपण करणाऱ्या हातांचेही रक्षण करते.