बावला खून खटला : इंदूरच्या गादीपर्यंत गेलेली बातमी

बड्या माणसांच्या मृत्यूच्या आणि भानगडींच्या बातम्यांवर लोक तुटून पडतात, हे काही टीव्ही किंवा मोबाईल आल्यावर सुरू झालेलं नाही. 1925 चा बावला खून खटला त्याचं ठळक उदाहरण आहे.

काय घडलं?
12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर धनाढ्य व्यापारी अब्दुल कादिर बावला यांची मोटार अडवण्यात आली. त्यांच्यासोबत मुमताज बेगम होती. पूर्वी ती इंदूर दरबारच्या आश्रयाला होती आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांनी बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली.

खटला
अनेक आरोपींचे धागे इंदूर संस्थानाशी जुळले. बचाव पक्षाच्या वकिलांत महंमद अली जिना होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यावर मात्र कोर्टात खटला चालला नाही. चौकशी आयोग की गादीत्याग, असा पेच सरकारने टाकला आणि फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली. पुत्र यशवंतराव गादीवर आले.

चर्चा का रंगली?
राजा, पैसा, सुंदर स्त्री आणि खून, सगळं एकाच बातमीत होतं. शिवाय संस्थानाच्या बंद दाराआड काय चालतं, हे सामान्य माणसाला कळत होतं. त्याच वर्षी होमी मास्टर यांचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावर आला.

या गदारोळात मुमताजचं म्हणणं मागे पडलं. इंदूरला राहायचं नव्हतं, आपली नवजात मुलगी तिथे मारली गेली, असं तिनं साक्षीत सांगितलं होतं. लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त ‘महाराजांची नर्तकी’.

आज नियम काय?
सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातील वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी समांतर खटला चालवू नये, आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या स्वभावाची ठरवू नये, असं त्यात बजावलं आहे.

लोकांची उत्सुकता कायद्याने थांबत नाही. पण आरोप, पुरावा आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं भान वाचणाऱ्यालाही ठेवता येतं.